कारखाना गेला की बोंब, हेड ऑफिस गेलं की चिडीचूप

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्यसभेत एक आकडा आला, दोन दिवस गाजला आणि विरून गेला. २०११ ते २०२५ या काळात पश्चिम बंगालमधून ६,६८८ कंपन्यांनी आपलं नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवलं. त्यातल्या ११० शेअर बाजारात नोंदलेल्या. सगळ्यात जास्त, म्हणजे तेराशेच्या वर, कुठे आल्या? आपल्याकडे, महाराष्ट्रात.

त्यावेळी आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर हा आकडा "बघा, बंगालचं काय झालं" अशा थाटात फिरला. मला त्या थाटाबद्दल थोडं बोलायचंय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

आधी आकड्याचं बघू. नोंदणीकृत कार्यालय आणि मुख्यालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे कागदावरचा पत्ता, जिथे सरकारी नोटीस जाते. कोलकात्यात लायन्स रेंजच्या आसपास एकाच खोलीच्या पत्त्यावर डझनावारी कागदी कंपन्या नोंदलेल्या असत, हे आयकर खात्यात काम केलेला कोणीही सांगेल. अशी कंपनी रायपूरला किंवा मुंबईला 'गेली' म्हणजे एक फाइल गेली. माणसं, पगार, निर्णय काही हललं नाही.

उलटंही होतं. ब्रिटानिया घ्या. १८९२ साली कोलकात्यात सुरू झालेली कंपनी. तिचं नोंदणीकृत कार्यालय आजही कोलकात्यात आहे, म्हणजे त्या ६,६८८ मध्ये ती नाहीच. पण कंपनी चालते बेंगळुरूहून, तेही आजचं नाही. २०२४ मध्ये तारातलाचा जुना कारखाना बंद पडला तेव्हा बंगालमध्ये केवढा गहजब झाला! साहेब लोकांनी आपल्या खुर्च्या उचलून दक्षिणेला नेल्या तेव्हा त्याच्या दहावा हिस्साही झाला नव्हता. बाटाचं तेच. बाटानगर हुगळीच्या काठावर, कारभार गुडगावला. आयटीसी अजून कोलकात्यात आहे आणि ते शहर तिला जिवापाड जपतं, पण तिचा खाद्यपदार्थांचा विभाग बेंगळुरूहून चालतो आणि कागदाचा सिकंदराबादहून.

दुसरी गोष्ट, २०११ पासून मोजायचं का? कारण त्या वर्षी तिथं सरकार बदललं आणि प्रश्न विचारणाऱ्याला तेच दाखवायचं होतं. राजकारण आहे, चालायचंच. पण मोठी घरं २०११ च्या कितीतरी आधी निघाली होती. बिर्लांचं साम्राज्य कोलकात्यात उभं राहिलं, आदित्य बिर्ला समूह आज वरळीत आहे. परदेशी कंपन्या एकेक करत मुंबई-दिल्लीकडे सरकल्या.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "कम्युनिस्टांनी घालवलं". खोटं नाही. १९६७ साली संयुक्त आघाडीचं सरकार आलं, सुबोध बॅनर्जी कामगारमंत्री झाले, आणि 'घेराव' हा शब्द सगळ्या देशाला माहीत झाला. मॅनेजरला रात्रभर केबिनमध्ये कोंडलं तर तो बदली मागणारच. पण एवढ्यावर थांबलो तर आपण आपल्या सोयीचा इतिहास वाचतोय.

कारण कोलकात्याचं पहिलं मोठं मुख्यालय कामगारांनी घालवलं नाही. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली, तिचं मध्यवर्ती कार्यालय कोलकात्यात होतं. १९३७ मध्ये ते मुंबईला आलं आणि कायमचं राहिलं. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह ही कोलकात्याची मोठी विमा कंपनी होती, ती एलआयसीत गेली आणि एलआयसीचं मुख्यालय मुंबईत. पैसा जिथून वाटला जातो ती टेबलं एका शहरात जमली की ज्यांना पैसा लागतो ते तिथे जातात, यात फार मोठं अर्थशास्त्र नाही.

मग भाडे समानीकरण. पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत केंद्राने पोलादाची किंमत देशभर सारखी ठेवली, रेल्वेभाड्याचा फरक सरकार भागवायचं. जमशेदपूर-दुर्गापूरच्या शेजारी असण्याचा बंगालचा फायदा गेला. कापसाला मात्र असं काही नव्हतं. पुणे-मुंबईच्या इंजिनीअरिंगला याचा फायदा झाला की नाही? झाला. आपल्या उद्योजकांची हुशारी आहेच, पण सोबत हेही लिहून ठेवावं. त्यात फाळणीने ताग पिकवणारा भाग पलीकडे आणि गिरण्या अलीकडे केल्या. १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सी पद्धत कायद्याने संपली. बर्ड, मार्टिन बर्न, अँड्र्यू यूल असली एकेक घरं दहा-वीस कंपन्या एकाच इमारतीतून चालवायची. त्यांचा आधारच निघाला.

आणि अगदी अलीकडचं, ज्यात घेराव नाही की संप नाही. १ एप्रिल २०२० ला युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत. दोन्हींची मुख्यालयं कोलकात्यात होती. एका दिवसात एक दिल्लीला, एक चेन्नईला. सगळा देश टाळेबंदीत घरी बसलेला, कोण ओरडणार? सरकारी बँकांपैकी आता तिथे युको तेवढी उरली. त्याच दिवशी मणिपालची सिंडिकेट, मंगळुरूची कॉर्पोरेशन आणि हैदराबादची आंध्र बँकही गेली. त्यातल्या शेवटच्या दोन आपल्या मुंबईच्या युनियन बँकेत आल्या, त्यामुळे आपल्याला टोचलं नाही.

आता कोणी म्हणेल, हेड ऑफिस गेल्याने बिघडतं काय? शाखा तर आहेत ना.

इथे एक गैरसमज काढू. "मुख्यालय गेलं की राज्याचा कर बुडतो" हे सरसकट खरं नाही. देशाच्या प्रत्यक्ष करात महाराष्ट्राचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त दिसतो, कारण ओडिशातल्या खाणीचा आणि झारखंडमधल्या कारखान्याचा आयकरही मुंबईच्या पत्त्यावर भरला जातो. तो सगळा केंद्राचा. वाटप वित्त आयोगाच्या सूत्राने होतं, आणि १५ व्या वित्त आयोगात आपला हिस्सा ६.३ टक्के होता. जीएसटी माल जिथे खपतो तिथे जातो. राहिला व्यवसाय कर, त्याला राज्यघटनेनेच माणशी वर्षाला अडीच हजाराची मर्यादा घातलीय.

मग जातं काय? अधिकार जातो. साधं उदाहरण, शाखेतला मॅनेजर कितीही चांगला असो, ठराविक रकमेच्या वर त्याचं वाक्य ठरलेलं: "हे वरती पाठवावं लागेल." ते 'वरती' किती किलोमीटरवर आहे यावर बरंच ठरतं. मुख्यालयाभोवती वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी, जाहिरात एजन्सी, छापखाने, चांगली हॉटेलं जगतात. कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याच्या दोन टक्के सीएसआरला जातात आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो. पण कुठल्या शाळेला, कुठल्या रुग्णालयाला द्यायचे हे ठरवणारी समिती मुख्यालयात बसते. ती ज्यांना ओळखते त्यांची नावं आधी सुचतात, माणसाचा स्वभावच आहे.

शहराच्या संस्कृतीलाही ते लागतं. सत्यजित राय सिनेमात येण्याआधी कोलकात्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. इकडे मुंबईत अरुण कोलटकर जाहिरातीतच होते. कंपन्यांची जाहिरात खाती शहरात होती म्हणून चित्रकाराला, लिहिणाऱ्याला महिन्याचा पगार मिळत होता. ती खाती गेली की असल्या पोरांना गाडी धरावी लागते.

आता आपल्याकडे वळू, कारण बंगालवर बोलणं सोपं आहे.

सातारा. चिरमुल्यांनी उभी केलेली वेस्टर्न इंडिया लाइफ ही विमा कंपनी १९५६ साली एलआयसीत गेली, त्याच कायद्याने ज्याने कोलकात्याची हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह नेली. त्यांचीच युनायटेड वेस्टर्न बँक, १९३६ ची, २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक, १९१६ ची, २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. कोल्हापूरची रत्नाकर बँक, १९४३ ची, तिचं नाव आरबीएल झालं. नोंदणीकृत कार्यालय आजही कोल्हापुरात शाहूपुरीत, कारभार मुंबईतून. २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिच्यात बहुमताचा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. म्हणजे ब्रिटानियाचीच गोष्ट, फक्त पाटी कोल्हापूरची.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या तीन गावांत बँकेचं बोर्ड बसायचं. हळदीचा हंगाम कधी, गुळाचा भाव पडलाय का, कुठल्या व्यापाऱ्याची तिसरी पिढी गादीवर आहे, हे त्या टेबलावर कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. युनायटेड वेस्टर्न बुडीत कर्जांनी अडचणीत आली होती आणि विलीनीकरणाने ठेवीदार वाचले, हे मान्यच. जवळच्या ओळखीतून वाईट कर्जंही जातात, हेही मान्य. पण सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन जिल्ह्यांनी आपली मुख्यालयं गमावली आणि जिल्ह्यात त्यावर एक धड आंदोलन झालेलं मला आठवत नाही. टोलनाक्यावर यापेक्षा जास्त झालं.

२०२२ आठवा. वेदांत-फॉक्सकॉन तळेगावऐवजी धोलेऱ्याला गेला, पाठोपाठ टाटा-एअरबसचं विमान वडोदऱ्याला. महाराष्ट्र पेटला, आणि पेटावाच. (वेदांत-फॉक्सकॉनची भागीदारी पुढच्याच वर्षी मोडली, हा भाग वेगळा.) पण एअर इंडियाचं मुख्यालय २०१३ मध्ये मुंबईहून दिल्लीला गेलं, आता कंपनी टाटांकडे परत येऊनही ते गुरुग्रामला आहे. नरिमन पॉइंटची ती इमारत शेवटी आपल्या राज्य सरकारनेच १,६०१ कोटींना घेतली, सरकारी कार्यालयांसाठी. मंत्रालयाला जागा झाली हे चांगलंच. पण जिथे एका विमान कंपनीचे निर्णय व्हायचे तिथे आता फायली फिरणार, यावर अग्रलेख किती आले?

मुंबई रिकामी होतेय असं मी म्हणत नाही. तसं चित्र नाही, आणि उगाच भीती घालणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. सुरतला २०२३ मध्ये अवाढव्य हिरे बाजार उभा राहिला, एक मोठी पेढी वाजतगाजत गेलीही आणि काही महिन्यांत बीकेसीत परतली. गिऱ्हाईक, बँक, विमानतळ इथे असताना नुसत्या इमारतीने धंदा हलत नाही. पण रिझर्व्ह बँकेची गोष्ट विसरू नका. आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रांचं नियमन करणारं प्राधिकरण २०२० मध्ये स्थापन झालं, ते गांधीनगरला गिफ्ट सिटीत बसतं. नियामक जिथे बसतो तिथे पुढची वीस वर्षं कोण कोण खुर्ची टाकतं, हे १९३७ ने दाखवलेलं आहे. तेव्हा फायदा आपला झाला होता.

आणि राज्याच्या आत? मुंबई-पुणे सोडून मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मोजायला बसा, बोटं पुरतील. आपली सामूहिक प्रोत्साहन योजना कारखान्यातल्या भांडवली गुंतवणुकीवर सवलत देते. जिल्ह्यातल्या उद्योजकाने कारखाना वाढवला तर सवलत, पण वित्त, कायदा, संशोधन या विभागांची माणसं मुंबईला न नेता इथेच बसवली तर? अशा पगारांवर काही सूट का नसावी? विमानतळाचंही तसंच. बेंगळुरू आणि हैदराबादचे नवे विमानतळ २००८ मध्ये सुरू झाले. पुणे अजून हवाई दलाच्या लोहगाववर चालतंय आणि पुरंदरची चर्चा ऐकता ऐकता पोरं कॉलेजात गेली. ज्या एमडीला महिन्यातून चारदा परदेशी जायचंय तो घाटातल्या ट्रॅफिकमध्ये किती वर्षं बसेल?

माझी मागणी छोटी आहे. दरवर्षी उद्योग खात्याने जिल्हावार यादी काढावी: कुठल्या मोठ्या कंपनीचा प्रत्यक्ष कारभार आपल्या जिल्ह्यातून चालतो, किती आल्या, किती गेल्या. नोंदणीचा पत्ता नको, तो कंपनी निबंधकाकडे आहेच.

तोवर आपणच करू. कॉमेंटमध्ये तुमच्या गावाचं किंवा तालुक्याचं नाव लिहा आणि जिचा एमडी आजही तिथेच बसतो अशी एक मोठी कंपनी किंवा बँक. पूर्वी होती, आता नाही, असं असेल तर तेही लिहा, वर्षासकट. इस्लामपूर, इचलकरंजी, कऱ्हाडवाल्यांनी सुरुवात करा.