इसार कुणाचा?



मागच्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर आमच्या गल्लीतल्या एक खाला घरी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला स्टॅम्पपेपर होता. म्हणाल्या, "बेटी, एवढं वाचून दाखव. सही माझीच आहे, पण त्यात काय लिहिलंय ते आज कळलं पाहिजे."

देऊळघाटात उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या शिक्षकाकडे असे कागद नेहमी येतात. घरातलं बोलणं उर्दूत, शाळा उर्दूत, आणि घराचे, शेताचे, बँकेचे कागद मात्र मराठीत. सही आधी होते आणि वाचन नंतर. तेही बहुधा भांडण दारात आल्यावर.

कागद म्हणजे घराची इसारचिठ्ठी होती. खालांनी आपलं घर १६ लाखांना विकायचं ठरवलं होतं. सौद्याच्या दिवशी ५०,००० रुपये इसार मिळाला आणि महिन्याभराने आणखी ३,००,०००. सहा महिन्यांत खरेदीखत करायचं होतं. घेणारा तरुण बाहेरगावी कंत्राटी कामाला. बाकीची रक्कम तो बँकेचं कर्ज काढून देणार होता. पाचव्या महिन्यात बँकेने त्याच्या पगाराचे कागद अपुरे आहेत म्हणून कर्ज नाकारलं. तो म्हणाला, "खाला, मला माफ करा. घर घेणं मला जमणार नाही."

चिठ्ठीत एक ओळ होती. मुदतीत खरेदी झाली नाही तर दिलेली सर्व रक्कम जप्त. खालांचा मुलगा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मग एक पैसाही द्यायचा नाही." तरुणाचे मामा म्हणत होते, "घर दिलं नाही, मग पैसे कशाचे ठेवता?" दोघेही आपापल्या जागी खरे वाटत होते. पण पूर्ण खरं दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

आधी कायदा पाहू. इसारचिठ्ठी किंवा साठेखत केल्याने घराची मालकी बदलत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे तो फक्त पुढे विक्री करण्याचा करार असतो. घेणाऱ्याने माघार घेतली तर विकणारा कोर्टात जाऊन करार पूर्ण करून मागू शकतो किंवा नुकसानभरपाई मागू शकतो. करार पूर्ण करून मागण्याचा दावा खरेदीसाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. पण ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्यावर असा दावा लावून हाती काय येणार? म्हणून बहुतेक वेळा वाद येऊन थांबतो तो इसारावर.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम ७४ याच प्रश्नाचं आहे. करारात दंडाची कितीही मोठी रक्कम लिहिली असली, तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे स्पष्ट केलं. दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा १९४९ साली १,१२,५०० रुपयांना झाला होता. घेणाऱ्याने १,००० रुपये इसार आणि नंतर २४,००० रुपये दिले होते, आणि सौदा मोडला तर सगळे २५,००० जप्त अशी अट होती. विकणाऱ्याला इसाराचे १,००० ठेवता आले. पण नुकसान सिद्ध न करता २४,००० दाबून ठेवता येणार नाहीत, असं कोर्टाने ठरवलं.

याची दुसरी बाजूही आहे. २०१२ च्या एका निकालात ७० लाखांच्या सौद्यातला ७ लाखांचा इसार विकणाऱ्याकडेच राहिला. घेणारा चुकला होता, आणि ती रक्कम सौदा पाळण्याची हमी म्हणून दिली असल्याचं करारातून दिसत होतं. म्हणजे इसार ही हमी आणि बाकीची रक्कम हा किमतीचा हप्ता. दोन्ही एका पिशवीत घालू नयेत. आणि चूक विकणाऱ्याची असेल, कागद साफ नसतील, वारसांची संमती नसेल, तर इसारसुद्धा परत करावा लागतो.

आता दीन काय सांगतो? सूरह माइदाच्या सुरुवातीलाच करार पाळण्याचा हुकूम आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. तेव्हा दिलेली जबान मोडणं ही हलकी गोष्ट नाही. पण सौदा मोडला म्हणून बयाणा गिळावा का, यावर आपल्या इमामांमध्ये मतभेद आहे. अशा सौद्याला अरबीत बैउल उरबून म्हणतात. इमाम अबू हनीफा, इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते अशी अट योग्य नाही, कारण मोबदला न देता दुसऱ्याचा माल घेतल्यासारखं होतं. इमाम अहमद बिन हंबल यांनी ती जायज मानली.

त्यांच्या मताला आधार आहे तोही एका घराच्या सौद्याचाच. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत मक्क्याचे अधिकारी नाफे बिन अब्दुल हारिस यांनी कैदखान्यासाठी सफवान बिन उमय्या यांचं घर घेतलं. अट अशी होती की हजरत उमर राजी झाले तर सौदा पक्का, नाहीतर सफवान यांना चारशे मिळतील. सहीह बुखारीत याचा उल्लेख आहे. १९९३ साली ब्रुनेईत झालेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीनेही मुदत ठरलेली असेल तर असा बयाणा जायज ठरवला. आपल्याकडचे बहुतेक लोक हनफी आहेत, म्हणून आपल्या प्रकरणात आपल्या आलिमांनाच विचारावं.

एका गोष्टीवर मात्र मतभेद नाही. सौदा करून पस्तावलेल्या माणसाला जो त्यातून मोकळं करतो, त्याची चूक अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करेल, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. याला इकाला म्हणतात. तो दंड नाही आणि हक्कही नाही, ती नेकी आहे.

दोन दिवसांनी खालांच्या ओसरीत दोन्ही घरं बसली. मी पाटीवर हिशेब मांडला. हे घर विकून खाला बुलढाण्यात मुलीजवळ दोन खोल्या घेणार होत्या. त्यासाठी दिलेल्या १,००,००० इसारातून तिथल्या मालकाने ३०,००० कापले होते. सौद्यासाठी भाडेकरूची खोली रिकामी केली, त्याचे पाच महिन्यांचे १०,००० बुडाले. कागद आणि वकील ४,०००. एकूण नुकसान ४४,०००. तो तरुण स्वतःहून म्हणाला, "५०,००० ठेवा. माझ्यामुळे तुमचं घर अडलं." राजीखुशीने सोडलेल्या पैशावर कुणाचाच आक्षेप राहिला नाही.

परत करायचे राहिले ३,००,०००. खालांनी त्यातून जुनं कर्ज फेडलं होतं, हातात फक्त २,००,००० होते. कालपर्यंत येणेकरी असलेल्या खाला आता देणेकरी झाल्या. तंगीत असलेल्या देणेकऱ्याला मुदत द्यावी, हे सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आहे. बाकीच्या १,००,००० साठी तरुणाने चार महिने दिले. सौदा रद्द झाल्याचा कागद झाला, आणि यावेळी सही करण्याआधी तो मोठ्याने वाचला गेला.

तुमच्या घरी सौदा होत असेल तर चार गोष्टी चिठ्ठीतच लिहून घ्या. इसार किती आणि हप्ता किती. कर्ज मंजूर झालं नाही तर काय. माघार घेतल्यास किती रक्कम कापायची आणि उरलेली किती दिवसांत परत करायची. चूक विकणाऱ्याची असेल तर त्याने काय द्यायचं. साठेखत नोंदवलेलं असेल तर रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नाहीतर पुढचा घेणारा शोध घेताना जुना करार तिथेच सापडेल. शहरात बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

सौद्याच्या दिवशी चहा होतो, मिठाई वाटली जाते, आणि सौदा मोडला तर काय हे विचारायला संकोच वाटतो. पण मनं गोड असतानाच हा प्रश्न विचारून घ्यावा. खाला आणि तो तरुण आज रस्त्यात भेटले तर सलाम करतात. ५०,००० पेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

अल्लाह आपल्या सगळ्यांना साफ व्यवहाराची तौफीक देवो. आमीन.