ताळेबंदाआधी काट्याची पावती पाहा



धारणीपासून अकोटपर्यंत शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. भाग आपले, कापूस आपला, ज्वारी आपली. वर्षाची सभा होते, ताळेबंद वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' म्हणत हात वर होतात आणि चहा येतो. आमचे म्हणणे एवढेच, की हात वर करण्याआधी विचारा : हे आकडे ज्या वाटेने आले, त्या वाटेवर राखण कोणाची?

नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे काय झाले ते आठवा. सरकारी रोखे घेण्यासाठी दीडशे कोटींच्या घरातली रक्कम दलालांच्या हवाली केली. रोखे आले नाहीत, पैसेही आले नाहीत. २००२ साली हे उघड झाले. न्यायालयाने तेव्हाच्या अध्यक्षांसह सहा जणांना शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, आणि पुढे अपील आहेच. रोखे ताब्यात आल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, हा साधा नियम पाळला असता तर?

मोठ्या कंपन्या फार शहाण्या असतात असेही नाही. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २००९ मध्ये लिहून दिले, की खात्यात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच. लेखापरीक्षकांच्या सह्या मात्र वर्षानुवर्षे होत्या. बँकेला थेट विचारून शिल्लक नीट ताडलीच नव्हती.

२०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाला कंपनीच्या अंतर्गत आर्थिक नियंत्रणावर मत द्यायला लावले. २०१७ मध्ये लहान खाजगी कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. आपल्या कंपन्या बहुधा त्याच मापात बसतात. पण उत्पादक कंपनीला सनदी लेखापालाकडून अंतर्गत तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल सभेत मागा.

आणि स्वतः तपासा. माप करणारा, पावती फाडणारा आणि पैसे देणारा एकच माणूस आहे काय? धनादेशावर दोन सह्या लागतात, की कोरे धनादेश आधीच सही करून ठेवले आहेत? काट्याच्या दहा पावत्या उचला आणि प्रत्येकीचे पैसे त्याच शेतकऱ्याच्या खात्यात गेले का, ते पाहा. जिनिंगला गेलेल्या क्विंटलमागे साधारण ३३-३४ किलो रुई येते, बाकी बहुतेक सरकी. रुई, सरकी आणि घट यांची बेरीज कापसाच्या वजनाशी जुळली नाही, तर उत्तर मागा. नियम कागदावर असणे वेगळे आणि पाळला जाणे वेगळे. पावत्यांवरून ते कळते.

कोणी म्हणेल, आपलीच माणसे आहेत, संशय कशाला? हा संशय नव्हे. रानात पीक उभे असले की आपण जागलीला जातो, तेव्हा साऱ्या गावाला चोर म्हणत नाही. चोख हिशेबाने प्रामाणिक चिटणिसाचीही अब्रू राखली जाते.

व्यापाऱ्याच्या काट्यावर आपण भांडलो. आता काटा आपला आहे, म्हणून डोळे मिटायचे नाहीत. येत्या सभेला पावत्या घेऊनच या.