दात शरीराबाहेर नाहीत



‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. दात कधीतरी जायचेच, हे तिच्यात गृहीतच धरलेले आहे. हीच समजूत आपण मुलांनाही लावतो. मुलाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठतो. दाढेवर काळा ठिपका दिसला तर मात्र म्हणतो, ‘दुधाचे दात आहेत, पडतीलच.’ जणू दात म्हणजे शरीराबाहेरची एखादी वस्तू! आमच्या मते ही समजूत घराने आणि शाळेने मिळून बदलायला हवी.

हल्ली ‘फंक्शनल डेंटिस्ट्री’ हे नाव बऱ्याच जणांच्या कानावर येते. दातातला खड्डा बुजवून न थांबता तो का पडला, हे पाहणे असा तिचा सरळ अर्थ. मूल दिवसातून किती वेळा गोड खाते, दोन्ही बाजूंनी नीट चावते का, रात्री तोंड उघडे ठेवून श्वास घेते का, घरात कोणाला मधुमेह आहे का, असे सगळे विचारायचे. नाव नवे असले तरी विचार आपल्याला परका नाही. आयुर्वेदाच्या दिनचर्येत दात घासणे, जीभ साफ करणे आणि चूळ भरणे यांना सुरुवातीलाच स्थान आहे. जेवण झाल्यावर खळखळून चूळ भरण्याचा आजी-आजोबांचा आग्रह आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

दात किडतो कसा, हे मुलांनीही समजून घ्यावे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरचे कठीण कवच थोडेसे विरघळते. मग लाळ ते आम्ल निवळवते आणि कवचाची झीज भरू लागते. या कामाला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी तोंडात गेली, की लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे दातांना अधिक महत्त्वाचे. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथे १९४५ ते १९५३ या काळात हे तपासले गेले. जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. तीच साखर दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफीच्या रूपाने दिली तेव्हा मात्र कीड झपाट्याने वाढली. हा प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर त्यांची संमती न घेता केला गेला होता. तो अन्याय होता, हेही मुलांना सांगायला हवे.

आता आपल्या इंदूरकडे पाहू. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातली सफर हे आपल्या शहराचे वैभव आहे. त्यावर बंदी घाला असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण सराफ्यातून परतल्यावर पेंगुळलेले मूल तसेच झोपी जाते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ती साखर रात्रभर दातांवर राहते. जिलबी जरूर खावी. झोपण्यापूर्वी दात घासल्याशिवाय मात्र अंथरुणावर जाऊ नये.

दातांचे दुखणे तोंडापुरते राहत नाही. दाढ दुखणारे मूल एका बाजूने चावते, भाकरी टाळून मऊ आणि गोड पदार्थ मागते, रात्री नीट झोपत नाही आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. कीड मुळापर्यंत गेली तर पू होतो, गाल सुजतो, ताप येतो. मोठ्यांच्या बाबतीत मधुमेह आणि हिरड्यांचा आजार यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणे अवघड जाते. २०२२ साली कॉक्रन संस्थेने ३५ अभ्यासांचा आढावा घेतला. हिरड्यांवर उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांनी मधुमेहींचे एचबीएवनसी सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचे त्यात आढळले. तसेच काही हृदयरोगांत तोंडातले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांवर जाऊन बसू शकतात. म्हणून मुलाला हृदयाचा आजार असेल तर दंतवैद्याला तो आधीच सांगावा.

मात्र येथे एक सावधगिरीचा शब्द. ‘सगळे रोग दातातून येतात’ असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियल येथील भाषणात तोंडातील जंतुसंसर्गाला अनेक आजारांचे मूळ ठरवले. पुढची काही दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत सगळ्यांवर उपाय म्हणून असंख्य लोकांचे चांगले दात उपटले गेले. नंतर ती उपपत्ती टिकली नाही. दात मात्र गेले ते गेलेच. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, पण एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट केले होते. तेव्हा ‘संपूर्ण आरोग्य’ या नावाखाली कोणी महागडे उपचार सुचवले तर दुसऱ्या दंतवैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. खरे उपाय स्वस्तच आहेत: फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा ब्रश आणि वेळेवर तपासणी.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. प्रत्यक्षात ती आयुष्यभराची दाढ असते. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आई-वडिलांनी आज रात्रीच उजेडात ती पाहावी.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आम्हांला अधिक काळजी वाटते ती सुपारीची. गोड सुपारीची पुडी निरुपद्रवी समजली जाते. परंतु तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठर होते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा २००३ चा कायदा आहे. पण कायद्याचा पहारा शाळेच्या फाटकाशी आपणच करायचा असतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली, मधल्या सुट्टीच्या शेवटी दोन मिनिटे चूळ भरण्यासाठी राखून ठेवावीत आणि त्यासाठी पुरेसे नळ बसवावेत. चूळ म्हणजे ब्रश नव्हे, पण दातांत अडकलेले अन्न तरी निघते आणि सवय लागते.

दुसरी, वाढदिवसाला वर्गात चॉकलेट-टॉफी वाटण्याऐवजी पेन्सिल, फळ किंवा वर्गाच्या वाचनालयासाठी एखादे पुस्तक द्यावे. मोठ्या वर्गात महिन्यातून कितीतरी वाढदिवस येतात, हे ध्यानात घ्यावे.

तिसरी, वर्षातून एकदा दंततपासणी व्हावी. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. त्यांना विनंती करता येईल. पण तपासणी करून फोटो काढले म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक मुलाच्या आरोग्यपत्रकावर नोंद व्हावी, ते पत्रक पालकांच्या सहीसाठी घरी जावे आणि तीन महिन्यांनी ‘उपचार झाले का?’ असे वर्गशिक्षकांनी विचारावे. ज्या घरांना खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी गाजावाजा न करता थोडी तरतूद असावी.

शुल्क, इमारत, निकाल यांवर आपल्या सभा रंगतात, आणि ते योग्यच आहे. येत्या पालक-सभेत दहा मिनिटे या विषयालाही मिळावीत, एवढीच आमची विनंती. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सभेची वाट पाहू नका. आज रात्री दात घासा आणि घरातल्या मोठ्यांनाही घासायला लावा.