वाळूचा पहारेकरी

कोकणच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या वर, काही ठिकाणी वाळूच्या लहान लहान टेकड्या असतात. त्यांवर एक काटेरी गवत वाढते. शास्त्रज्ञ त्याला स्पिनिफेक्स म्हणतात. त्याची पाने ताठ व टोकदार असतात. तमिळनाडूत लोक त्याला ‘रावणाची मिशी’ म्हणतात. हे गवत पायाला टोचते, म्हणून पुष्कळ लोक ते निरुपयोगी समजतात आणि किनारा साफ करताना उपटून टाकतात. माझ्या मते, हे फार नुकसानीचे काम आहे.

हे गवत काय करते, ते पाहा. समुद्राकडून येणारा वारा वाळू उडवत आणतो. गवतात त्याचा जोर कमी होतो आणि वाळू तेथेच पडते. पुष्कळशी रोपे वाळूखाली गाडली गेली की मरतात; हे गवत मात्र त्या वाळूतून पुन्हा वर येते. त्याच्या आडव्या खोडाला पेरापेरावर मुळे फुटतात. ती वाळू धरून ठेवतात. अशा रीतीने टेकडी उंच होते. वादळात लाटांचा पहिला मार ती सोसते. त्यामुळे मागची घरे, विहिरी आणि नारळाच्या बागा यांना आधार मिळतो.

कोणी म्हणेल, “गवत कशाला? दगडी भिंत बांधू!” काही ठिकाणी भिंतीची गरज असेलही. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंत खचली की पुन्हा खर्च करावा लागतो. टेकडीची वाळू वाहून गेली, तर उरलेले गवत ती हळूहळू पुन्हा साठवते.

हे गवत लावणे कठीण नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, गवत दाट असेल तेथूनच, दोन-तीन पेरांचे थोडे तुकडे घ्यावेत. पेरे ओल्या वाळूत पुरून शेंडा वर ठेवावा. मुळे धरेपर्यंत कुंपण घालावे. पुढेही टेकडीवरून माणसे, गुरे आणि गाड्या जाऊ देऊ नयेत. समुद्राकडे जाण्यासाठी एकच पायवाट ठेवावी.

१९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्यासाठी नियम केले आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करण्यास मनाई केली. २०१९ च्या नियमांतही या टेकड्यांची गणना नाजूक जागांत केली आहे. पण प्रत्येक टेकडीजवळ शिपाई उभा करता येत नाही. हे काम गावानेच केले पाहिजे.

मित्रांनो, सहलीला समुद्रावर जाल, तेव्हा पायवाटेनेच चाला. दर्या आणि गाव यांच्यामध्ये उभा असलेला हा पहारेकरी पगार मागत नाही. आपण त्याला तुडवू नये, एवढे पुरे.