वादळाचा नकाशा आणि किनाऱ्यावरचा अंधार

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. तत्पूर्वी दोन दिवस पुण्या-मुंबईतील सुशिक्षित मंडळी हातातील फोनवर त्याची वाटचाल न्याहाळीत होती. वादळ गेले, आणि ज्यांच्या नारळी-पोफळी त्याने आडव्या केल्या त्या श्रीवर्धन-मुरुडच्या बागायतदारांकडे वीजही राहिली नाही आणि फोनही बोलेनासा झाला. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. माहितीची सर्वाधिक गरज ज्याला, त्याच्याच हातून ती नेमकी त्या घटकेला निसटली.

हा दोष वेधशाळेच्या माथी मारता येणार नाही. पुणेकरांना वेधशाळेची थट्टा करण्याची जुनी खोड आहे. ‘सिमला ऑफिस’ हे नाव धारण करणारी १९२८ सालची वास्तू शहराच्या मध्यावर असल्याने ती सोयीचीही पडते. परंतु चक्रीवादळाच्या बाबतीत ही थट्टा आता अन्यायाची ठरेल. १९९९ च्या ओडिशातील महावादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. अंदाज सुधारले हे त्याचे एक कारण. दुसरे, आणि अधिक खर्चाचे कारण म्हणजे ओडिशाने मधल्या काळात बांधलेले निवारे आणि लाखो लोकांना वेळेवर हलविण्याची लावून घेतलेली सवय.

पूर्वी बंदरावर बावटा चढे. त्याचा क्रमांक पाहून कोळ्याला काय करावयाचे ते कळे. त्यासाठी अक्षरओळखही लागत नसे. आज हवामान खात्याचे संकेतस्थळ वादळाचा संभाव्य मार्ग, वाऱ्याचा वेग आणि पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते. सामग्री विपुल आहे, पण ती वाचावी कशी, हे कोणी शिकविलेले नाही. नकाशावरील मधल्या रेषेलाच लोक वादळ समजतात. वस्तुतः रेषेभोवतीचा रुंदावत जाणारा शंकू मागील अंदाजांतील सरासरी चुकीवरून आखलेला असतो, आणि तोही फक्त केंद्राच्या मार्गाविषयी बोलतो. वारा-पाऊस त्याच्याही बाहेर जातो. ‘निसर्ग’ने पुणे जिल्ह्यातील मावळ-खेडपर्यंत छपरे उडविली, हे त्याच दिवशीचे उदाहरण.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने इशारा ही सार्वजनिक वस्तू होय: एकाने ऐकला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही. परंतु इशारा पाळणे फुकट नसते. ऐन हंगामात नौका परत आणावयाची म्हणजे डिझेल आणि बर्फ यांवरचा खर्च बुडाला, खलाशांचा रोज मात्र द्यावयाचा. वादळ वळून गेले तर हा तोटा कोणी भरून देत नाही. मग पुढच्या इशाऱ्याकडे कानाडोळा झाला, तर त्याला अडाणीपणा म्हणणे म्हणजे दुसऱ्याचा हिशेब न पाहताच त्याला नापास करणे होय. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आले तेव्हा कोकणच्या अनेक नौका समुद्रात होत्या, आणि त्यांतील सर्वच परतल्या नाहीत. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी तर मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. तेथे इशाऱ्याची वाण नव्हती.

मोबाईलची कक्षा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे प्रारंभ झालेली, एक लाख नौकांवर उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रे बसविण्याची योजना नव्या संकेतस्थळांपेक्षा अधिक मोलाची आहे. भूमीवर मात्र अशी तातडी दिसत नाही. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात निवारे आणि भूमिगत वीजवाहिन्या यांची तरतूद होती, आणि महाराष्ट्र त्या टप्प्यात सामील होता. ‘निसर्ग’नंतर राज्याने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, ते योग्यच झाले. तथापि पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात, आणि कोकणातील बागेची मोजणी हेक्टरांत क्वचितच भरते. ती गुंठ्यांत होते. दहा गुंठ्यांच्या धन्याला त्या वाढीव दरानेही पाच हजारच मिळतात. तेवढ्यात आडवी झालेली झाडे तोडून बाग साफ करण्याची मजुरीही भागत नाही.