वेबसाइट गुगलवरून का घसरली, हे शोधायला शिकवा

मा. कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव



जळगाव एमआयडीसीतले चटई आणि पाइपवाले, रावेर-यावलचे केळी व्यापारी, धुळे-शिरपूरचे जिनिंगवाले अशांच्या वेबसाइट मी सांभाळतो. यांच्यापैकी कुणाची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावरून अचानक खाली गेली की चौकशीचे फोन थांबतात. मग कुणीतरी ‘दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका विकत घ्या, पंधरा दिवसांत वर आणतो’ म्हणत पैसे घेऊन जातो. घसरण कशामुळे झाली, हे तोवर कुणी पाहिलेलेच नसते. विकतच्या लिंका गुगलच्या नियमांत बसत नाहीत. गुगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटचा रोख त्यांच्यावरच होता. मूळ दोष तसाच राहतो आणि वर नवा चिकटतो.

खरे तर कारण बऱ्याचदा सापडू शकते. गुगलचे सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात १६ महिन्यांची आकडेवारी दिसते. ती वाचायला शिकवणारे कुणी नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याचेच घ्या. त्याची खरी मागणी हिवाळ्यात. मार्चमध्ये वेबसाइटवर येणारी माणसे निम्म्यावर आली की विक्रेता घाबरतो. पण सरासरी क्रमांक जिथल्या तिथे असेल आणि फक्त इम्प्रेशन, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसण्याची संख्या, कमी झाले असतील, तर वेबसाइट घसरलेलीच नाही. लोक वांगी कमी शोधत आहेत. मागच्या वर्षीच्या मार्चशी तुलना केली की हे स्पष्ट होते. क्रमांक तोच, इम्प्रेशन तेवढेच, पण क्लिक कमी, असे असेल तर गुगलचे पान तपासावे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही अनेक प्रश्नांना तिथे सर्वांत वर एआयने लिहिलेले उत्तर दिसू लागले आहे.

क्रमांकच पडला असेल, तर तारीख बघायची. सगळीच पाने एकदम गेली असतील तर बिघाड बहुधा आपल्याच वेबसाइटमध्ये असतो. नवी वेबसाइट चढवताना सर्च इंजिनला मज्जाव करणारी नोइंडेक्सची खूण काढायची राहून जाते. किंवा पानांचे पत्ते बदलतात आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारे ३०१ रीडायरेक्ट कुणी लावत नाही. आपल्या विद्यापीठाचे नाव २०१८ मध्ये बदलले, तरी वेबसाइटचा ‘एनएमयू’चा जुना पत्ता कायम राहिला. एवढी काळजी घ्यायची असते, हे छोट्या दुकानदाराला कोण सांगणार? कधी वेबसाइट हॅक होऊन तिच्या नावाखाली जपानी मजकुराची ढीगभर पाने उभी राहतात आणि मालकाला गंधही नसतो. सर्च कन्सोलमधली ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’ (गुगलने केलेली कारवाई) आणि सुरक्षेची पाने यासाठीच आधी उघडायची.

घसरण गुगलच्या कोअर अपडेटच्या, म्हणजे क्रमवारीच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलाच्या, दिवसांशी जुळत असेल, तर गोष्ट वेगळी. मार्च २०२४ चे अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपले. अशा घसरणीत पानात चूक असेलच असे नाही, हे गुगल स्वतःच सांगते. तेव्हा मालकाला ‘सध्या काही मोडतोड करू नका’ असे सांगावे लागते. मला हेच सर्वांत अवघड वाटते, कारण त्याच आठवड्यात त्याला खात्रीने वर आणण्याचे आश्वासन देणारा दुसरा कुणी भेटलेला असतो.

म्हणून हे काम विद्यापीठाने हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्याला लिंका विकायच्या नसतात, त्यामुळे त्याच्या निदानावर व्यापारी विश्वास ठेवू शकेल. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेतच. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांत संगणकाच्या विद्यार्थ्यांना एकेक स्थानिक वेबसाइट तपासायला द्या. अहवाल मराठीत आणि मालकाला समजेल असा हवा: कोणत्या तारखेला काय बदलले, पुरावा कोणता, काय दुरुस्त करायचे, कशाला हात लावायचा नाही. आणि सोय फक्त जळगावच्या आवारात नको; धुळ्याच्या व्यापाऱ्याला ती धुळ्यातच मिळावी. विद्यार्थ्यांना शिकवायला मी विनामूल्य येईन, दोन्ही ठिकाणी.

आपला,
एक वेबसाइट तंत्रज्ञ, जळगाव