ढगच उथळ, तर विमान काय पेरणार?

जुलैत पारनेर तालुक्यातल्या कान्हूर पठारावरून ढग नुसते पळतात. खाली वाटाणा, मूग माना टाकतात. अशा वर्षी कुणी पुढारी सभेत सांगतो, 'कृत्रिम पाऊस पाडू.' टाळ्या पडतात. मला या घोषणेची चीड आहे. ही तहानलेल्या माणसाची फसवणूक आहे.

ढगातला थेंब असतो सुमारे दहा मायक्रॉन त्रिज्येचा. एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब व्हायला तसे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. त्यासाठी लहानमोठे थेंब एकमेकांवर आदळायला हवेत, ढग उंच वाढायला हवा, खालून बाष्प येत राहायला हवं. पारनेरला पोचणारी हवा घाटमाथ्यावर पाणी सांडून आलेली असते. सह्याद्री उतरताना ती तापते, कोरडी होते. ढग उथळच राहतो. विमानातून मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइड फवारलं तर थेंबाला वाढायला कण मिळतो. बाष्प कोण देणार?

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरला हा प्रयोग शिस्तीने केला. पेरण्यालायक ढग आधी निवडले, त्यांतले काही पेरले, काही मुद्दाम तसेच सोडले, मग तुलना केली. पाऊस सुमारे 18 टक्के वाढला, तोही योग्य ढग हाती लागले तेव्हा. आणि राज्य सरकार? 2003, 2015, 2019: दुष्काळ डोक्यावर बसला की विमान. एकट्या 2019 साठी तीस कोटींची मंजुरी. दुष्काळात पेरण्यालायक ढगच दुर्मीळ असतात, एवढं तरी मंत्रालयाला कळायला हवं.

अंदाज चुकला की वेधशाळेला हसणाऱ्यांवरही माझा राग आहे. मे 2025 मध्ये आयआयटीएमची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. अंदाजाची आधी बारा किलोमीटरची असलेली चौकट सहावर आली. तरी एका चौकटीत छत्तीस चौरस किलोमीटर शिवार बसतं, आणि आपल्याकडचा वळवाचा ढग पुष्कळदा चौकटीहून लहान असतो. संगणकाला तो ढग दिसतच नाही. चौकटीतली सरासरी आर्द्रता, तापमान, वर चढणारी हवा यांवरून संगणक आत किती ढग असतील याचा हिशेब मांडतो. हे हिशेब तपासायचे तर जमिनीवर मोजमाप लागतं. ते कुठे आहे? महसूल मंडळाला एक स्वयंचलित केंद्र, आणि मंडळात कितीतरी गावं! चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हेही त्या एका यंत्रावरच ठरतं. ओढ्यापलीकडे शेत वाहून गेलेल्याने पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या दारात किती खेटे घालायचे?

प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवा, रोजचा आकडा गावाच्या फळ्यावर लिहा आणि तोच पुण्याला पाठवा. विमानाची पुढची निविदा काढण्याआधी मागच्या तिन्ही वेळी किती ढग पेरले, किती न पेरता तुलनेसाठी ठेवले आणि दोन्हींतून किती पाऊस पडला, ते तहसील कचेरीच्या भिंतीवर लावा.